एक संहिता, दोन निकाल

एकाच संगणकावरील एकाच सोर्स कोडपासून दोन मार्गांनी तयार केलेला प्रोग्रॅम एका मार्गाने बिनतक्रार चालतो आणि दुसऱ्या मार्गाने तयारच होत नाही, किंवा तयार होऊनही वेगळे उत्तर देतो, हा सॉफ्टवेअरच्या व्यवसायातील नित्याचा अनुभव आहे. संगणक दिलेल्या सूचना तंतोतंत पाळतो, ही सर्वसाधारण समजूत अशा वेळी डळमळते आणि नवशिका विद्यार्थी सारा दोष यंत्राच्या लहरीपणावर टाकून मोकळा होतो. वस्तुतः यंत्राने दोन्ही वेळी सूचना पाळलेल्याच असतात. त्या सूचना मात्र सारख्या नसतात, आणि त्यांतील बराचसा भाग कोणी जाणीवपूर्वक दिलेलाही नसतो. कोणी न दिलेल्या, तरीही पाळल्या गेलेल्या या सूचना हुडकून काढणे म्हणजेच या दोषाचे निदान होय.

जावा, सी यांसारख्या भाषेत माणसाने लिहिलेल्या मजकुराला सोर्स कोड किंवा मूळ संहिता म्हणतात. ती यंत्राला पेलेल अशा रूपात आणण्याचे काम कंपायलर नावाचा प्रोग्रॅम करतो. परंतु त्याच्या आधी आणि नंतर इतरांनी लिहिलेल्या कोडचे तयार संच, म्हणजे लायब्रऱ्या, जमवाव्या लागतात, चाचण्या चालवाव्या लागतात आणि सर्व तुकडे एका फाइलमध्ये बांधावे लागतात. या संपूर्ण साखळीला बिल्ड असे नाव आहे. बिल्डचा एक मार्ग म्हणजे टर्मिनलच्या खिडकीत आज्ञा टंकित करणे, ज्याला कमांड लाइन म्हणतात. दुसरा मार्ग म्हणजे आयडीई, अर्थात संपादक, कंपायलर, चूकशोधक आणि चाचणीयंत्रणा एकाच छत्राखाली आणणारा एक्लिप्स, इंटेलिजे किंवा व्हिज्युअल स्टुडिओसारखा प्रोग्रॅम, ज्यात ही सारी साखळी एका बटणाने सुरू होते.

सांगलीत १९४७ साली न्यू इंजिनिअरिंग कॉलेज या नावाने सुरू झालेले आणि पुढे वालचंद हे नाव मिळालेले अभियांत्रिकी महाविद्यालय, तसेच १९८३ साली सुरू झालेली साखराळे येथील राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि रयत शिक्षण संस्थेचे साताऱ्यातील कर्मवीर भाऊराव पाटील अभियांत्रिकी महाविद्यालय, अशा संस्थांतून सांगली व सातारा या दोन जिल्ह्यांतील विद्यार्थी संगणकशास्त्र शिकतात. आयडीईच्या बटणावर शिकलेला विद्यार्थी जेव्हा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प दुसऱ्याच्या संगणकावर चालवून दाखवतो, किंवा पुढे पुण्यातील एखाद्या कंपनीत रुजू होऊन आपला कोड बिल्ड सर्व्हरकडे, म्हणजे माणसाच्या मदतीशिवाय केवळ आज्ञांवर बिल्ड करणाऱ्या सामाईक संगणकाकडे, पाठवतो, तेव्हा हा प्रश्न त्याच्यासमोर हटकून उभा राहतो. विवेचनाच्या सोयीसाठी असा एक प्रकल्प गृहीत धरता येईल, की जो साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर आलेल्या उसाची मराठी पावती छापतो आणि जावा भाषेत लिहिलेला आहे.

आज्ञा आणि बटण

बिल्डच्या निकालाविषयीचा हा गोंधळ बिल्डच्या साधनांइतकाच जुना आहे. बेल प्रयोगशाळेतील स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली मेक हे साधन तयार केले, त्यामागे असाच एक प्रसंग होता. त्यांचे सहकारी स्टीव्ह जॉन्सन यांनी एका प्रोग्रॅममधील चूक आधीच दुरुस्त केली होती, परंतु दुरुस्त झालेली फाइल पुन्हा कंपाइल करायची राहून गेल्यामुळे त्यांची एक अख्खी सकाळ अस्तित्वातच नसलेली चूक शोधण्यात गेली. कोणती फाइल कोणत्या फाइलवर अवलंबून आहे हे एकदा लिहून ठेवावे, फाइलींच्या वेळा ताडून पाहाव्यात आणि जे जुने झाले असेल तेवढेच पुन्हा घडवावे, हे मेकचे तत्त्व आजच्या बहुतेक बिल्ड साधनांच्या मुळाशी आहे.

बटणाची परंपरा वेगळ्या दिशेने आली. बोरलँड कंपनीने १९८३ साली टर्बो पास्कल आणि १९८७ साली टर्बो सी बाजारात आणून संपादक व कंपायलर एकाच पडद्यावर आणले, आणि भारतीय महाविद्यालयांत पुढे कितीतरी वर्षे सी भाषेचे शिक्षण टर्बो सीच्या निळ्या पडद्यावरच होत राहिले. २००१ साली इंटेलिजे आणि एक्लिप्स हे दोन्ही आयडीई आले, तर आज्ञेच्या बाजूला मेव्हन या साधनाची पहिली पूर्ण आवृत्ती २००४ साली आणि ग्रेडलची २०१२ साली प्रसिद्ध झाली. परिणामी एकाच प्रकल्पाचे दोन आराखडे शेजारी शेजारी नांदू लागले: एक बिल्ड फाइलमध्ये लिहिलेला, जो आज्ञा वाचते, आणि दुसरा आयडीईने स्वतःच्या सेटिंगमध्ये जपलेला, जो बटण वाचते. आयडीई बिल्ड फाइल वाचून आपला आराखडा तयार करतो हे खरे, परंतु ते वाचन एका विशिष्ट क्षणी झालेले असते, आणि त्यानंतर दोहोंपैकी एकात केलेला बदल दुसऱ्यात आपोआप उतरतोच असे नाही.

एकाच भाषेचे वेगळे कंपायलर

फरकाचे सर्वांत उघड कारण म्हणजे दोन मार्गांवर दोन वेगळे कंपायलर असणे. टर्बो सीमध्ये लिहिलेला प्रोग्रॅम लिनक्सवरील जीसीसी या कंपायलरला दिला की पडदा पुसण्यासाठी किंवा एखादी कळ दाबली जाण्याची वाट पाहण्यासाठी वापरलेली बोरलँडची खास फंक्शने त्याला सापडत नाहीत आणि बिल्ड थांबते. हा फरक निदान दिसतो तरी. संख्येच्या आकाराचा फरक मात्र दिसतही नाही. टर्बो सीमध्ये साधी पूर्णांक संख्या १६ बिटांची असल्याने ती ३२,७६७ च्या पुढे जाऊ शकत नाही, तर आजच्या जीसीसीमध्ये ती ३२ बिटांची असते. म्हणून १८,००० आणि १७,००० किलोंच्या दोन खेपांची बेरीज जीसीसीने तयार केलेला प्रोग्रॅम ३५,००० अशी दाखवतो आणि टर्बो सीने तयार केलेला प्रोग्रॅम उणे ३०,५३६ अशी दाखवतो. तक्रार मात्र दोघांपैकी कोणीही करत नाही.

जावाच्या जगातही कंपायलर एकच नाही. एक्लिप्स आपला स्वतःचा कंपायलर वापरतो, तर मेव्हन सामान्यतः जावासोबत येणारा जावासी हा कंपायलर वापरते. एक्लिप्सचा कंपायलर चुका असलेल्या फाइलीचेही भाषांतर करून देऊ शकतो आणि चुकीच्या जागी असा कोड ठेवतो, की जो तिथपर्यंत पोहोचल्यावरच प्रोग्रॅम थांबवतो. अशा वेळी विद्यार्थ्याला पावतीचा प्रोग्रॅम चालताना दिसतो, कारण चुकीचा भाग त्याने अद्याप वापरलेलाच नसतो. जावासी मात्र त्याच चुकीवर संपूर्ण बिल्ड नाकारतो. येथे आज्ञेचा मार्ग बिघडलेला नसून बटणाचा मार्ग गरजेपेक्षा अधिक उदार आहे.

कंपायलर तोच असला तरी आवृत्ती वेगळी असू शकते. एका संगणकावर जावाच्या ८, ११, १७ आणि २१ अशा अनेक आवृत्ती सुखाने एकत्र राहतात. आयडीई त्यांतील एक आपल्या सेटिंगमधून निवडतो, तर टर्मिनल पाथ आणि जावा होम या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलवर, म्हणजे संगणकाने प्रत्येक प्रोग्रॅमला सुरू होताना दिलेल्या नावनिशीवार नोंदींवर, विसंबून राहते. जावाने तयार केलेल्या प्रत्येक क्लास फाइलच्या आरंभी आवृत्तीचा क्रमांक कोरलेला असतो, जो जावा ८ साठी ५२, ११ साठी ५५ आणि १७ साठी ६१ असा आहे, आणि जुन्या जावाला मोठा क्रमांक भेटला की ती फाइल चालवण्यास तो सरळ नकार देतो. नकाराच्या संदेशात हे दोन्ही क्रमांक छापलेले असल्याने हा दोष ओळखण्यास सर्वांत सोपा आहे, फक्त संदेश वाचण्याची सवय हवी.

लायब्रऱ्या आणि त्यांची वाट

पावत्या डेटाबेसमध्ये साठवण्यासाठी लागणारी लायब्ररी विद्यार्थी अनेकदा महाजालावरून उतरवून डी ड्राइव्हवर ठेवतो आणि आयडीईच्या खिडकीतून प्रकल्पाला जोडतो. ही जोडणी आयडीईच्या आराखड्यात नोंदली जाते, बिल्ड फाइलमध्ये नाही. त्यामुळे बटणाने प्रकल्प चालतो आणि आज्ञा मात्र लायब्ररी सापडत नाही म्हणून हात टेकते. ती फाइल दुसऱ्याच्या संगणकावर डी ड्राइव्हच्या त्याच जागी नसल्यामुळे तेथे तर दोन्ही मार्ग बंद पडतात.

याहून सूक्ष्म प्रकार आवृत्तींच्या निवडीचा आहे. प्रकल्पाला लागणाऱ्या दोन लायब्रऱ्या जर एकाच तिसऱ्या लायब्ररीच्या वेगवेगळ्या आवृत्ती मागत असतील, तर मेव्हन अवलंबनाच्या झाडात मुळाशी जी जवळ असेल ती निवडते, तर ग्रेडल सामान्यतः सर्वांत नवी निवडते. म्हणून मेव्हनवरून ग्रेडलकडे गेलेल्या प्रकल्पात कोडचे एक अक्षरही न बदलता वागणूक बदलू शकते. त्याचप्रमाणे मेव्हन प्रत्यक्ष कोडसाठीच्या आणि केवळ चाचण्यांसाठीच्या लायब्रऱ्या कटाक्षाने वेगळ्या ठेवते, परंतु एक्लिप्सने ही विभागणी २०१८ पर्यंत मानलीच नव्हती. साहजिकच चाचणीची लायब्ररी चुकून मूळ कोडमध्ये वापरली गेली तर एक्लिप्स ती चूक पोटात घालत असे आणि मेव्हन ती चव्हाट्यावर आणत असे.

सांगली निसटते, कऱ्हाड अडखळते

मराठी मजकूर असलेल्या प्रोग्रॅमच्या वाट्याला येणारा सर्वांत बोधप्रद दोष एन्कोडिंगचा, म्हणजे अक्षरांचे बाइटांत रूपांतर करण्याच्या संकेताचा, आहे. युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला स्वतंत्र क्रमांक आहे आणि यूटीएफ-८ या संकेतात असे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत साठवले जाते. सांगली या शब्दात स, काना, अनुस्वार, ग, ल आणि दीर्घ वेलांटी अशी सहा चिन्हे आहेत, म्हणून तो अठरा बाइट व्यापतो. सातारा या शब्दाचेही गणित नेमके तेवढेच येते. वाई येथे घडलेल्या मराठी विश्वकोशाच्या नोंदी आज महाजालावर कोणत्याही फोनवर वाचता येतात त्या या सर्वमान्य संकेतव्यवस्थेमुळेच.

तथापि जावाचा कंपायलर १८ व्या आवृत्तीपूर्वी सोर्स फाइल कोणत्या संकेतात लिहिली आहे हे स्वतः तपासत नसे, तर संगणकाचा नेहमीचा संकेत गृहीत धरत असे, आणि भारतातील इंग्रजी विंडोज संगणकांवर हा संकेत बहुधा विंडोज-१२५२ असतो, ज्यात जवळजवळ प्रत्येक बाइट म्हणजे पश्चिम युरोपीय लिप्यांतील एक अक्षर किंवा चिन्ह असते. आयडीई आपल्या सेटिंगनुसार कंपायलरला यूटीएफ-८ वापरण्यास सांगतो. उघड्या टर्मिनलमध्ये दिलेली आज्ञा तसे सांगत नाही. म्हणून बटणाने तयार झालेली पावती सांगली असे छापते, आणि आज्ञेने तयार झालेली पावती त्याच जागी अठरा परकीय अक्षरांची माळ छापते.

गमतीचा भाग पुढेच आहे. विंडोज-१२५२ च्या २५६ जागांपैकी पाच जागा रिकाम्या आहेत, आणि देवनागरीतील हलन्ताचे चिन्ह, ऱ्हस्व उकार, ए तसेच झ यांचा तिसरा बाइट नेमका या रिकाम्या जागांवर पडतो. सांगली, सातारा, मिरज आणि वाई या नावांत असे एकही चिन्ह नसल्याने कंपायलर ती चुकीची वाचूनही अवाक्षर काढत नाही. कऱ्हाड, महाबळेश्वर किंवा पुसेगाव हे नाव आले की मात्र हा बाइट ओळखता येत नाही अशी तक्रार तो करतो, जी आवृत्तीनुसार केवळ सूचना असते किंवा बिल्ड थांबवणारी चूक असते. तक्रार कऱ्हाडच्या ओळीवर आली म्हणून तीच ओळ दोषी ठरवणारा विद्यार्थी फसतो, कारण बिघाड सर्वच ओळींत झालेला असतो आणि कऱ्हाडने तो केवळ उघड केलेला असतो. पहिली तक्रार जेथे येते तेथेच दोषाचा उगम असेल असे मानू नये, हा धडा येथून सर्वच निदानाला लागू पडतो.

या दोषाची एक जुळी दिसणारी, पण वेगळी जात आहे. प्रोग्रॅममधील मजकूर शाबूत असतो, परंतु टर्मिनलची खिडकी तो दुसऱ्या संकेताने दाखवत असल्यामुळे पडद्यावर कचरा दिसतो. दोहोंतील फरक ओळखण्यासाठी सांगली या शब्दाची लांबी प्रोग्रॅमकडूनच मोजून घ्यावी: उत्तर सहा आले तर मजकूर ठीक असून दोष दाखवणाऱ्या खिडकीत आहे, आणि अठरा आले तर दोष बिल्डमध्येच आहे. मार्च २०२२ मधील जावा १८ पासून यूटीएफ-८ हाच नेहमीचा संकेत ठरवण्यात आला, परंतु ८, ११ आणि १७ या आवृत्ती आजही सर्रास वापरात असल्याने बिल्ड फाइलमध्ये हा संकेत स्पष्ट नोंदवणे हाच पक्का उपाय आहे. तशी नोंद नसेल तर मेव्हन स्वतःच इशारा देते, की हे बिल्ड यंत्रावर अवलंबून आहे. हा इशारा बिल्डला थांबवत नाही, म्हणूनच तो बहुधा दुर्लक्षिला जातो.

भाषा, वेळ आणि जागा

संगणकाची भाषानिवड हाही एक अदृश्य सहभागी आहे. निरनिराळ्या भाषांतील अंक, तारखा व चलन कसे लिहावेत याचा जो माहितीसंच युनिकोड संघटनेकडून सांभाळला जातो, तो २०१७ मधील जावा ९ पासून जावाने प्रथम मानण्यास सुरुवात केली, आणि त्या संचात मराठीसाठी देवनागरी अंक ठरलेले आहेत. त्यामुळे मराठी निवडलेल्या संगणकावर वजनाचा आकडा देवनागरीत छापला जातो, तर आयडीईच्या सेटिंगमध्ये इंग्रजी नेमलेली असल्यास तोच आकडा इंग्रजी अंकांत येतो, आणि दोन मजकूर अक्षरशः ताडून पाहणारी चाचणी एका मार्गाने उत्तीर्ण व दुसऱ्या मार्गाने अनुत्तीर्ण होते.

वेळेचा फरक असाच चकवणारा आहे. बिल्ड सर्व्हर बहुधा जागतिक प्रमाणवेळेवर चालतात, आणि भारतीय प्रमाणवेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. गाळप हंगामात वजनकाटा रात्रभर सुरू असतो. मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत काढलेल्या पावतीवर प्रोग्रॅमने प्रमाणवेळ स्पष्ट न ठरवल्यास सर्व्हरवर आदल्या दिवसाची तारीख पडते. दिवसा चालवलेल्या चाचणीत हा दोष कधीच दिसत नाही, त्यामुळे तो अधूनमधून उगवणारा आणि म्हणून गूढ भासतो.

जागेचे प्रश्न तुलनेने सरळ आहेत. प्रोग्रॅम जर शेतकऱ्यांची यादी सापेक्ष पत्त्यावरून, म्हणजे चालू फोल्डरच्या संदर्भाने, वाचत असेल, तर आयडीई सामान्यतः प्रकल्पाच्या फोल्डरमधून आणि टर्मिनल वापरणारा जेथे असेल तेथून सुरुवात करत असल्यामुळे यादी एकाला सापडते व दुसऱ्याला सापडत नाही. फाइलच्या नावातील लहान-मोठ्या इंग्रजी अक्षरांचा भेद विंडोज सहसा मानत नाही आणि लिनक्स मानतो, म्हणून घरी चाललेला प्रकल्प सर्व्हरवर अडतो. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलची नोंद बदलल्यावर आधीपासून उघडा असलेला आयडीई जुन्याच नोंदी धरून बसतो, कारण प्रत्येक प्रोग्रॅमला त्यांची प्रत सुरू होतानाच मिळते. अशा वेळी तो बंद करून पुन्हा उघडणे एवढाच उपाय असतो. पायथनच्या विद्यार्थ्यांना हाच अनुभव वेगळ्या रूपात येतो: लायब्ररी बसवली जाते एका पायथनमध्ये आणि आयडीई चालवत असतो दुसराच.

शिळे तुकडे आणि न चाललेल्या चाचण्या

जॉन्सन यांची सकाळ वाया घालवणारा दोष पन्नास वर्षांनंतरही संपलेला नाही. आयडीई आणि बिल्ड साधन दोघेही वेळ वाचवण्यासाठी आधी तयार केलेले तुकडे पुन्हा वापरतात, आणि हटवलेल्या फाइलीचा जुना अनुवाद मागे राहिला की प्रत्यक्षात नसलेला कोड चालत राहतो. म्हणून निकालांत फरक दिसताच दोन्ही बाजूंचे तयार तुकडे पुसून नव्याने बिल्ड करावे. तुकडे पुसण्याच्या आज्ञेला क्लीन म्हणतात. त्याने फरक मिटला तर कारण शिळेपणाचे होते हे ठरते, आणि न मिटल्यास निदान एक शक्यता कायमची वगळली जाते.

याच्या उलट, चाचण्या न चालल्यामुळे मिळणारे खोटे यश अधिक घातक आहे. मेव्हनची चाचणी चालवणारी यंत्रणा नेहमीच्या सेटिंगमध्ये केवळ अशाच क्लासांकडे पाहते ज्यांच्या नावाच्या आरंभी टेस्ट किंवा शेवटी टेस्ट, टेस्ट्स अथवा टेस्टकेस हा शब्द असतो. विद्यार्थ्याने क्लासला वजनतपासणी असे नाव दिले असेल, तर आयडीई कोडमधील चाचणीच्या खुणेवरून तो ओळखून चालवतो आणि चूक दाखवतो. मेव्हन त्याला वळसा घालून बिल्ड यशस्वी झाल्याचे जाहीर करते. यशाच्या ओळीवर समाधान न मानता किती चाचण्या चालल्या हा आकडा दोन्हीकडे पडताळणे त्यामुळे आवश्यक ठरते.

निदानाची रीत

कारणे इतकी असली तरी शोधाची वाट आखीव आहे. प्रथम दोन्ही मार्ग एकाच कोडवर चालत आहेत याची खात्री करावी, आणि त्यासाठी गिटसारख्या आवृत्तीसंग्राहकातून प्रकल्पाची नवी प्रत रिकाम्या फोल्डरमध्ये उतरवून तेथे आज्ञेने बिल्ड करावे. संग्राहकात टाकायच्या राहून गेलेल्या फाइली या एका पायरीत उघड्या पडतात. त्यानंतर दोन्ही बाजू क्लीन कराव्यात. मग मेव्हनला तिची आवृत्ती विचारावी, कारण उत्तरात ती मेव्हनच्या आवृत्तीबरोबर जावाची आवृत्ती, त्याची जागा, भाषानिवड, एन्कोडिंग आणि ऑपरेटिंग सिस्टिम हे सर्व छापते. ही माहिती आयडीईच्या सेटिंगशी ओळीने ताडून पाहिली की बहुतेक प्रकरणे येथेच निकालात निघतात.

तरीही फरक उरल्यास प्रत्यक्ष दिल्या गेलेल्या आज्ञांची तुलना करावी. आयडीईचे बटण आतून अखेर एक लांबलचक आज्ञाच देत असते आणि इंटेलिजे ती आपल्या रन खिडकीच्या पहिल्या ओळीत दाखवतो. मेव्हनला सविस्तर बोलण्यास सांगितल्यावर तीही कंपायलरला दिलेले सर्व पर्याय व लायब्रऱ्यांची यादी छापते. लायब्रऱ्यांच्या झाडाची स्वतंत्र छापील प्रत मिळवता येते आणि त्यातून आवृत्तींचा झगडा दिसतो. प्रत्येक टप्प्यावर एकच गोष्ट बदलावी, कारण तीन गोष्टी एकदम बदलून दोष गेला तर तो गेला एवढेच कळते, कशाने गेला ते कळत नाही. संदेश वाचताना शेवटच्या चुकीपेक्षा पहिल्या चुकीपासून आरंभ करावा, कारण पुढील चुका बहुधा तिची पिलावळ असतात.

कारण सापडल्यानंतर दुरुस्ती कोठे करावी हा प्रश्न निदानाइतकाच महत्त्वाचा आहे. आयडीईचे सेटिंग बदलून दोन निकाल जुळवून घेतले, तर ते फक्त त्या एका संगणकावर जुळतात. जावाची आवृत्ती, एन्कोडिंग, लायब्रऱ्यांचे नेमके क्रमांक व चाचण्यांचे नियम हे सर्व बिल्ड फाइलमध्ये लिहून आयडीईला ती फाइल पुन्हा वाचायला लावणे, तसेच बिल्ड साधनाचीही आवृत्ती प्रकल्पाबरोबर बांधून ठेवणारी रॅपर नावाची छोटी आज्ञाफाइल वापरणे, यामुळे जे ज्ञान एका यंत्रात दडलेले होते ते प्रकल्पाच्या मालकीचे होते. दोन निकालांत मतभेद असल्यास कमांड लाइनचा निकाल प्रमाण मानावा, असा संकेत व्यवसायात रूढ आहे. ती अधिक हुशार आहे असा त्याचा अर्थ नाही. बिल्ड सर्व्हर, सहकारी आणि ग्राहक यांच्यापर्यंत तोच निकाल पोहोचतो, हे त्यामागचे कारण आहे.

विश्वासाचा प्रश्न

हा विषय केवळ सोयीचा नाही. सोर्स कोड निर्दोष असूनही कंपायलर त्यातून सदोष प्रोग्रॅम घडवू शकतो, हे युनिक्सचे एक जनक केन थॉम्पसन यांनी १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ट्युरिंग पुरस्कार भाषणात दाखवून दिले होते. २०१५ साली ॲपलच्या एक्सकोड या आयडीईची भेसळ केलेली प्रत पसरवली गेली आणि प्रामाणिक विकसकांनी तिच्यातून तयार केलेल्या ॲपमध्ये त्यांच्या नकळत घातक कोड शिरला. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या लिनक्सवरील सर्वदूर वापरल्या जाणाऱ्या साधनात छुपे दार आढळले, तेव्हा ते उघडणारी बिल्डची पायरी सार्वजनिक संग्राहकात नव्हती, फक्त वितरणासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात होती. एकाच कोडपासून कोणीही, कोठेही, बाइटास बाइट सारखाच प्रोग्रॅम घडवू शकावा यासाठी डेबियनसारखे लिनक्स प्रकल्प गेली कित्येक वर्षे झटत आहेत ते याच कारणासाठी.

म्हणून सातारा-सांगलीतील आणि अन्यत्रच्याही महाविद्यालयांनी प्रकल्प स्वीकारताना एक साधी अट घालावी: विद्यार्थ्याच्या संगणकाशी संबंध नसलेल्या प्रयोगशाळेतील यंत्रावर प्रकल्पाची नवी प्रत उतरवावी, एका आज्ञेने तिचे बिल्ड करावे, सर्व चाचण्या चालल्याचा आकडा पाहावा आणि मगच गुण द्यावेत. या अटीला नवे उपकरण लागत नाही, खर्च येत नाही, आणि विद्यार्थ्याला आयडीई सोडण्याचीही गरज पडत नाही. बटण त्याने रोज वापरावे. परंतु त्या बटणामागे काय घडते हे ज्याला आज्ञेने करून दाखवता येत नाही, त्याचा प्रकल्प पूर्ण झाला असे मानू नये.